एकेचाळीस नंबरचा ओलावा

दर पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला वारलूभाऊ आमच्या केंद्राच्या अंगणात येतात, खांद्यावरचे वाळक्या भोपळ्याचे, पाण्याने भरलेले दोन तुंबे खाली ठेवतात, डोक्याचा दुपट्टा सोडतात आणि आकाशाला झापतात. त्या वेळी वरून उपग्रह जातो. तो कुणालाच दिसत नाही, पण वारलूभाऊंचं त्यामुळे काही अडत नाही.

"नीट पाह्य बे," ते म्हणतात. "वरून पाहून का समजते तुले?"

भांडण जुनं आहे. भामरागडच्या जंगलातलं आमचं काम असं: उपग्रह झाडांचा हिरवेपणा टिपतो, त्यावरून संगणक हिशेब मांडतो की जंगल हवेतला कार्बन किती ओढतं आणि पाणी किती सोडतं. तो हिशेब खरा की खोटा, हे आम्ही झाडांखाली पुरलेल्या, मातीचा ओलावा मोजणाऱ्या यंत्रांवरून पडताळतो. अशा प्रत्येक झाडाला नंबर आहे, आणि यंत्रांची राखण वारलूभाऊंकडे. एप्रिलात झडलेली पानं पाहून संगणकाने जंगल निद्रिस्त असल्याचं कळवलं, तेव्हा त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मग एकदाच बोलले, "मोह फुलून राह्यला, अन् हा म्हनते जंगल झोपलं. काऊन बाई, झोपेत फूल येते का?"

बोलणं खरं होतं, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नसे. मे महिन्यात रागावायचीही सोय झाली.

सगळीकडे माती भाजून निघालेली, पण एकेचाळीस नंबरच्या मोहाखाली नुकतंच पुरलेलं यंत्र रोज दुपारी ओलावा दाखवू लागलं. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: इथल्या नोंदी भरवशाच्या नाहीत, पंधरा दिवसांत कारण कळवा, नाहीतर केंद्र बंद. खुर्चीत बसून जंगलाला खोटं ठरवणाऱ्या त्या लोकांचा मला इतका संताप आला की जेवण जाईना. मी यंत्र दोनदा बदललं, बदलताना त्यालाही शिव्या घातल्या. ओलावा हटेना.

शेवटी एका दुपारी मीच झुडपाआड जाऊन बसले. वारलूभाऊ आले. मोहाखाली बसून डबा खाल्ला, एका तुंब्यातलं पाणी प्यायले आणि दुसरा तुंबा बुंध्याशी सावकाश रिकामा केला.

माझा तोल सुटला. "भाऊ, केंद्र बंद व्हायची वेळ आलीये, तुमची-माझी नोकरी चाललीये, आणि तुम्ही यंत्रावर पाणी ओतताय?"

"यंत्रावर कायले ओतू?" तेही चिडले. मग आवाज उतरला. "आमच्या घरचा मोह हाय हा. बायको इथी फुलं वेचे. दुपारी दोघं इथीच जेवत होतो. ती जाऊन तीन वर्सं झाले, पन निघताना हात दोनच तुंबे भरते. तिच्या वाटचं पानी वापस कसं नेऊ, बाई?"

ते दोन तुंबे मी नेहमीच पाहत होते. माणसाला तहान फार, एवढंच मला वाटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. कार्यालयाला कारण जसंच्या तसं कळवलं आणि यंत्र पन्नास पावलं दूर, दुसऱ्या मोहाखाली पुरलं. केंद्र टिकलं.

पुढच्या खेपेला साडेदहाला वारलूभाऊंनी दुपट्टा सोडला, वर पाहिलं. या वेळी आवाज खालचा होता.

"एकेचाळीस नंबर सोडून दे बाबा," ते म्हणाले. "बाकी सारं मोज."