खंडेनवमीची कडी

मालोजीरावांनी जावयाला मुलगी एका भेटीत देऊन टाकली होती. लेथ मात्र महिनाभराच्या बोलीवर दिला. बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधलं आपलं छोटं वर्कशॉप बंद करताना त्यांनी बाकी सगळं विकलं आणि टेबलावर मावणारा, धातू कातायचा हा एक लेथ तेवढा मागं ठेवला. त्यावर दोघांचा डोळा होता. एक पुतण्या अभिराज, ज्याचा बोम्मसंद्र्याला स्वतःचा कारखाना होता, आणि दुसरा हा जावई प्राणेश, जो पुण्याहून आला होता आणि कोरमंगलात कंप्युटरसमोर बसून पगार घेत होता. मालोजीरावांनी निवाडा केला. "प्राणेशराव, महिनाभर ठेवा तुमच्याकडं. हात बसला तर मशीन तुमचं. नाही तर विजयादशमीला अभि टेंपो घेऊन येतो."

हात बसला की नाही ते सांगता येत नाही, पण जीव मात्र असा जडला की विचारू नका. दिवसभर प्राणेश जे काम करी ते हातात धरून कुणाला दाखवता येत नसे. इथं पितळेची सळई फिरायला लागली आणि तिच्यावर नर्लिंगची दोन दातेरी चाकं दाबली, की बघता बघता गुळगुळीत पितळेवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी उठायची. तिच्यावरून अंगठा फिरवला की ती बारीक खरखर हाताला लागायची आणि प्राणेश ऑफिसातल्या सगळ्यांना मनातल्या मनात माफ करून टाकायचा. मग काय, माणूस सुटलाच. पडद्यांच्या दांड्यांची टोकं झाली, कपाटांच्या मुठी झाल्या, पूजेच्या घंटेचा दांडाही झाला. भार्गवीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कधी मागितले नव्हते तरी तिला किल्ल्या अडकवायला अकरा पितळी लोलक मिळाले.

खंडेनवमीला सासू-सासरे येणार आणि त्याच दिवशी परीक्षेचा निकाल लागणार, हे ठरलेलं होतं. उत्साहाच्या भरात प्राणेशनं आदल्या दिवशी बाथरूमच्या कडीचा लोखंडी दांडा काढला आणि बरोबर त्याच मापाचा पितळी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत नर्लिंग करून दारावर बसवला. दांडा मागं-पुढं सरकतो एवढं त्यानं पाहिलं. चौकटीवरच्या कोयंड्यात तो शिरतो का, हे मात्र पाहिलं नाही. त्यासाठी दार लावावं लागलं असतं, आणि उघड्या दारावर लांबून तो दांडा फारच देखणा दिसत होता.

नवमीला सकाळपासून सगळं बेंगळुरू आपापल्या यंत्रांना नटवत होतं. खाली पार्किंगमध्ये गाड्यांना झेंडूच्या माळा आणि चाकांखाली लिंबं होती. वर प्राणेशच्या हॉलमध्ये लेथला कुंकू लागलं होतं आणि त्याच्या पुढ्यात पाटावर हातोडी, पाने, कानशी, झाडून सगळे स्क्रूड्रायव्हर ओळीनं मांडले होते. सासूबाईंनी, अंबुबाईंनी, त्यात विळी, सुरी आणि कात्री आणून ठेवली, भार्गवीनं लॅपटॉप ठेवला. आरती झाल्यावर मालोजीरावांनी सगळ्यांना बजावलं. "आता उद्या सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. माझ्या आजानं लावला नाही, अप्पानं लावला नाही, मीही आयुष्यात लावला नाही."

एवढं बोलून त्यांनी घरभर हिंडून जावयाचं काम पाहिलं. मुठींवरून अंगठा फिरवला, घंटा उचलून डोळ्यांजवळ नेली, आणि प्रत्येक वेळी फक्त "बघू" म्हणाले. मग जेवणाआधी हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेले. आतून खट् असा घसघशीत आवाज आला. तीस वर्षं मशीनवर घासलेला हात होता तो, त्यानं दांडा पार शेवटपर्यंत हाणला होता. थोड्या वेळानं दांडा खडखडवल्याचे आवाज आले.

"प्राणेशराव," आतून हाक आली. "ही कडी तुम्ही केली?"

प्राणेशला वाटलं, झालं, आता शाबासकी. तो दाराला चिकटून म्हणाला, "हो मामा. आवडली?"

"नर्लिंगच्या आधी दांडा किती घेतला होता?"

"जुन्या दांड्याएवढाच. अगदी मोजून."

"आणि नर्लिंग झाल्यावर परत मोजला?"

प्राणेश दारापासून एक पाऊल मागं सरला.

"नर्लिंगनं पितळ जात नाही, दाबलं की वर येतं. दांडा जाड होतो. म्हणून आधी स्वल्प कमी करून घ्यायचा असतो. आता हा आत घुसलाय आणि बाहेर येत नाही." आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. प्राणेशच्या डोळ्यांसमोर अभिराजचा टेंपो येऊन उभा राहिला आणि आपला लेथ त्यात चढतानाही दिसला. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

उपाय साधा होता. कोयंडा चौकटीला आतल्या बाजूनं चार स्क्रूंनी बसवला होता. दाराच्या वरच्या जाळीच्या फटीतून एक स्क्रूड्रायव्हर आत सोडला की काम फत्ते. प्राणेश पाटाकडं धावला, तोच आतून प्रश्न आला, कुठलं हत्यार घेताय म्हणून. पूजेतलं म्हणताच मालोजीरावांनी ठणकावून सांगितलं, की पूजेला लावलेलं हत्यार उचललं तर मी बाहेर येणार नाही. येऊ शकत नाही ते वेगळं, पण येणारही नाही.

मग शेजाऱ्यांकडं मागायचं ठरलं. वरच्या मजल्यावरचा रविकिरण निरोप मिळताच खाली आला, पण त्याचीही सगळी हत्यारं जास्वंदीखाली गेली होती आणि ती काढायची कल्पना ऐकूनच त्यानं कानाला हात लावला. त्यानं तीन सुतारांना फोन केले. तिघंही आज आयुध पूजा, नाळे बरतीनि, म्हणजे उद्या येतो, असं एका सुरात म्हणाले. शेवटी रविकिरणनं हत्यार नको म्हणून स्वतःचा खांदा वापरला. दार हललं नाही. खांदा हलला, आणि अंबुबाईंना त्याला बाम चोळत बसावं लागलं.

अंबुबाईंनी आत साबण लावून बघा म्हणून सुचवलं. मालोजीरावांनी लावला, आणि दांडा स्वच्छ झाला. तेल फटीतून वाटीनं ओतलं, ते निम्मं त्यांच्या डोक्यावर पडलं. भार्गवी पदरानं तोंड झाकून उभी होती. तिला काळजी वाटतेय असा प्राणेशनं समज करून घेतला.

दोन वाजले. स्वयंपाकघरातून होळीगेवर, म्हणजे इथल्या पुरणपोळीवर, सोडलेल्या तुपाचा वास घरभर पसरला आणि दाराखालून आतही गेला असणार. अंबुबाईंचा धीर सुटला.

"नेम तुमीच केला, तुमीच मोडा की," त्या दाराशी जाऊन म्हणाल्या.

"मोडायला केलेला नाही," आतून उत्तर आलं.

"सरी, बरं तर. मग उद्या सकाळपर्यंत बसा. त्या फटीतनं होळीगे जात नाही. पापड जाईल, पाठवू?"

मग मालोजीरावांचा एकदम निराळा, भक्तीनं भरलेला आवाज आला. "तुम्ही सगळे जेवायला बसा. मी देवीचा जप करतो. पण दारापाशी कुणी थांबायचं नाही. दुसऱ्याच्या कानावर पडलेला जप लागू पडत नाही."

सगळे मुकाट्यानं पानावर जाऊन बसले. लांबून थोडं पुटपुटणं ऐकू येत होतं आणि मधूनच ते थांबत होतं. पहिली होळीगे संपते न संपते तोच मालोजीराव हात जोडून दारात येऊन उभे राहिले. केसांतून तेल गळत होतं आणि चेहऱ्यावर अपार समाधान होतं. अंबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रविकिरणनं दुखऱ्या खांद्यासकट वाकून त्यांचे पाय धरले.

"देवीनं सोडवलं," मालोजीराव एवढंच म्हणाले आणि टॉवेल घ्यायला परत आत गेले.

प्राणेश हात धुवायच्या निमित्तानं त्यांच्या मागोमाग गेला. दांडा कोयंड्यातून सुटलेला नव्हताच. आख्खा कोयंडा दांड्याच्या टोकाला अंगठीसारखा लटकत होता, आणि साबणाच्या डबीत चार स्क्रू एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत लावून ठेवले होते. देवी फारच शिस्तीची निघाली. प्राणेशनं मान वळवली, तर सासरे टॉवेलाआड एक टेस्टर पुसत होते. चांगला लांब, वापरून वापरून मूठ झिजलेला, आणि त्याच्यावर कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"हा सकाळी पूजेला लावायचा राहिला," मालोजीराव त्याच्याकडं न बघता म्हणाले.

"चुकून राहिला?"

"तीस वर्षं राहतोय."

मग मालोजीरावांनी डबीतले चार स्क्रू उचलून जावयाच्या तळहातावर ठेवले.

"अभिला फोन करतो. टेंपो नको म्हणून सांगतो."

प्राणेशला खरंच वाटेना. "म्हणजे माझा हात बसला, मामा?"

"हाताला अजून दोन वर्षं लागतील. तोंड मात्र आजपासून बंद पाहिजे."

तेवढ्यात अंबुबाई लगबगीनं बाहेर येऊन उभ्या राहिल्या. रविकिरणच्या आईच्या कपाटाचं दार म्हणे उगादीच्या पाडव्यापासून अडकलंय, आत तिच्या रेशमी साड्या आहेत, आणि तुमचे अहो तेवढा जप आमच्याकडंही करतील का, असं त्यानं विचारलं होतं. अंबुबाईंनी नवऱ्याला विचारायच्या आधीच होकार देऊन टाकला होता.

मालोजीरावांनी टेस्टर बनियनच्या आत सरकवला, केस सारखे केले आणि पुन्हा तोच भक्तीचा आवाज काढला.

"प्राणेशराव, तुम्हीही चला. मी जप करीन. तुम्ही तेवढं सगळ्यांना बाहेर बसवा."