लेखक-सप्ताहाच्या सतरा भाकरी

माझा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. (आमच्या ऑफिसात लेखी खुलाशाची सुरुवात अशीच करतात.)

आमची स्वप्नाली साडेतीन वर्षांची झाली आणि बायको म्हणाली, आता हिला बालवाडीत घालू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी पिवळी व्हॅन येते आणि दहा-बारा लेकरं भरून नेते. एक दिवस मी ते नीट बघितलं. लेकरं मजेत होती. रडायच्या बेतात मीच होतो. ऑफिसातून आलो की जी पोरगी पायाला मिठी मारते, ती व्हॅनच्या काचेतून टाटा करत जाणार, हे मला सोसवणारच नव्हतं.

"शाळेत न्हाई तर घरी शिकवणार कोण?" माया म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे. मुद्द्याचं तेवढंच बोलते.

"मी!"

"तुम्ही? तुम्हाला तिची वेणी घालता येत न्हाई."

"वेणीचा आणि शिक्षणाचा काय संबंध?"

"बरं. आठ दिवस रजा टाका. जमलं तर वर्षभर ऑफिसच्या आधी दोन तास तुम्हीच शिकवा. न्हाई जमलं तर पुढच्या सोमवारी व्हॅन."

झालं! मी मोबाईलवर शोधाशोध केली. एका ठिकाणी लिहिलं होतं, लेकराचा एक आवडता लेखक निवडा आणि आठवडाभर सगळा अभ्यास त्याच्या पुस्तकांभोवती घ्या. आमच्याकडे निवडायचा प्रश्नच नव्हता. तलवाड्याचे मोहनराव म्हणून एक निवृत्त मास्तर आहेत, ते लेकरांसाठी पुस्तकं लिहितात. त्यांचं 'चष्मेवाली म्हैस' स्वप्नालीला रोज लागतं. पुढचं मुखपृष्ठ फाटलंय, मागचा मोहनरावांचा फोटो तेवढा शाबूत आहे. स्वप्नाली त्यांना मोहनआजोबा म्हणते.

मी लगेच 'लेखक-सप्ताह' जाहीर केला. वेळापत्रक केलं, त्याच्या तीन प्रती काढल्या. (एक मायाला, एक भिंतीला, एक माहितीस्तव.) मोहनरावांनाही पत्र टाकलं, 'उपरोक्त विषयी आपण समक्ष उपस्थित राहून सहकार्य करावे ही विनंती.' उत्तर काही आलं नाही.

आता इथं एक कबूल केलं पाहिजे. ऑफिसात जयंती-पुण्यतिथीचं टेबल अकरा वर्षं माझ्याकडे आहे. थोर माणूस म्हटला की माझे हात आपोआप चालायला लागतात. पांढरी चादर, टेबल, फोटो, हार, समई, अगरबत्ती. एखाद्याचा मान करायची दुसरी रीत मला ठाऊकच नाही! मी मलपृष्ठावरचा फोटो मोठा करून आणला. दुकानदार फ्रेम बांधताना फार हळू आवाजात बोलत होता, आणि निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, शिक्षणाची कदर असलेला माणूस दिसतोय.

सोमवारी माया ड्युटीवर गेली आणि नऊ वाजता उद्घाटन झालं. हार घातला, अगरबत्ती लावली, स्वप्नालीला हात जोडायला लावले. मग पहिला तास, गणित. विषय, म्हशीचे पाय मोजणे.

"किती पाय?"

"शून्य."

"अगं, म्हशीला चार पाय असतात."

"दाखवा."

मी पुस्तक बघितलं. म्हैस पाण्यात बसली होती. पोरीचं बरोबर होतं. मी पहिल्याच तासात नापास झालो आणि चहा करायला आत गेलो.

तेवढ्यात शेजारच्या चंद्रभागाबाई विरजण मागायला आल्या. दारातूनच त्यांना फोटो दिसला, हार दिसला. मला आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अगं बया! कोण गं हे?"

"माझे मोहनआजोबा. रोज गोष्ट सांगतात."

"आता गं कोण सांगंल लेकराला?"

"बाबा सांगतात. पण त्यांना येत न्हाई."

मी बाहेर आलो तर बाईंच्या डोळ्याला पदर. मला धन्य वाटलं. आमच्या गल्लीत वाचनाबद्दल एवढी माया!

"कवा झालं हो, तिरंबकराव?"

"आज सकाळी नऊला."

"लई तरास झाला का?"

"तयारीला झाला. पण आता सगळं शांततेत पार पडलं."

"मायाला कळवलं का?"

"ती ड्युटीवर आहे. संध्याकाळी बघेलच की."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की बस! आणि विरजण न घेताच त्या गेल्या.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी करून आणतात, त्याला कडू घास म्हणतात. हे मला पक्कं माहीत आहे. तरीही बारा वाजता गल्लीतल्या बायका फडक्यात भाकरी आणि पातेल्यात पिठलं घेऊन आल्या, सतरंजीवर गुडघे मुडपून बसल्या, तेव्हा मला वाटलं की मोहनरावांच्या पुस्तकात म्हैस भाकरी खाते, त्यावरून ह्यांना सुचलं असावं! मी उभा राहून प्रास्ताविक केलं. "मोहनआजोबा पुस्तकरूपानं आपल्यातच आहेत," असं म्हणालो आणि दोन बायकांना हुंदका फुटला. स्वप्नाली तिसरीच्या मांडीवर बसून हे सगळं टक लावून बघत होती.

कुणीतरी दवाखान्यात फोन केला असणार. माया धावत आली. दारात चपलांचा ढीग बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्वप्नाली कुठाय?"

"इथं हाय गं, धीर धर."

लेक दिसली तसा मायानं श्वास सोडला. मग तिचं लक्ष फोटोकडं गेलं. "हे कोण?"

"शॉक बसलाय गं पोरीला," चंद्रभागाबाई रडत म्हणाल्या, "सवताच्या बापाला वळखंना!"

"माझे वडील घाटनांदूरला हायेत. आत्ता फोनवर बोलले. अहो, हे काय मांडलंय?"

मी वेळापत्रकाची प्रत पुढे केली. आणि नेमक्या ह्या वेळी दारात पिशवी घेतलेले, टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. दोन एस्ट्या बदलून आल्यामुळे दमले होते.

"या, बसा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तुमी त्यांचे भाऊ का?"

म्हाताऱ्यानं फोटो बघितला, हार बघितला, अगरबत्ती बघितली.

"न्हाई," ते म्हणाले. "तो मीच."

बाईंनी जी किंकाळी फोडली, ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. अर्ध्या बायका मागच्या दारानं पळाल्या. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोहनराव मात्र शांतपणे हात धुऊन आले आणि ताटापुढं बसले.

"वाढा," म्हणाले. "गेल्यावर ह्यातलं काय मिळत न्हाई. आत्ताच खातो."

सतरा भाकरी आल्या होत्या, मी मोजल्या. मास्तरांनी तीन खाल्ल्या. स्वप्नाली त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, मान खाली घातली आणि विचारलं, "लई तरास झाला का?"

"येष्टीत झाला," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तिरंबकराव, चाळीस वर्षं पोरं शिकवली म्हणून सांगतो. लेकराला शाळेत घाला. तिथं तिच्या वयाची पोरं हायेत. हितं नुसते तुमी हाव."

पुढच्या सोमवारी व्हॅन आली. स्वप्नालीनं हसत टाटा केला. मी आत येऊन कांदा चिरत बसलो, म्हणजे कुणी विचारायला नको.

पंधरा दिवसांनी बालवाडीत 'माझे बाबा' असा कार्यक्रम होता. फोटो आणायचा आणि बाबा किती आवडतात ते सांगायचं. स्वप्नालीनं शोकेसमधला माझा फोटो नेला. सोबत कपाटात ठेवलेला मोहनरावांचा चंदनाचा हार नेला. बाईंच्या टेबलावर फोटो मांडला, हार घातला, हात जोडले, मांडी घालून मान खाली घातली आणि सगळ्या वर्गाला म्हणाली, "आजच सकाळी झालं. सगळं शांततेत पार पडलं."

बालवाडी तिथल्या तिथं सुटली. अकरा वाजता व्हॅन दारात आली. मला तापामुळं रजा होती, म्हणून दार मीच उघडलं. ड्रायव्हरनं टोपी काढली.

"तुमी त्यांचे भाऊ का?"

आवाज ऐकून चंद्रभागाबाई ओट्यावर आल्या. "कोण गेलं रे?"

"तिरंबकराव गेले म्हणं."

बाईंनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, ड्रायव्हरकडं बघितलं, "आसं व्हय," म्हणाल्या आणि विरजण लावायला आत निघून गेल्या.

दुपारी दोनपर्यंत मी दाराकडं बघत बसलो होतो. एक भाकर आली नाही.