स्किपने अकराच वर्षांचे राहावे, असा ठराव

वय माझ्यापासून लपत नाही. ही आत्मप्रौढी नव्हे, ही माझी नोकरी होती. मत्स्यसंशोधन केंद्रात मी उभी हयात हॅडॉक माशाच्या कानातला खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यावरची वलये मोजण्यात घालवली. झाडाच्या खोडाला असतात तशीच वलये, वर्षाला एक. माणसे वयाबद्दल खोटे बोलतात. हॅडॉक बोलत नाही, निदान कान काढून घेतल्यावर तरी नाही. त्यामुळे माझी बायको व्हर्ना पाव शतकाच्या खंडानंतर पुन्हा लिहायला बसली आणि "या खेपेला स्किप आणि टिल्डा म्हातारे झालेले दाखवायचेत" असे म्हणाली, तेव्हा मी अत्यंत शांतपणे म्हणालो, "वयाचं खातं माझ्याकडे दे."

या एका वाक्यामुळे पुढच्या महिन्याभरात गावच्या अग्निशमन दलाने आमच्याशी बोलणे टाकले, तळलेला मासा आम्हाला मिळेनासा झाला आणि स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस गळत राहिला. पण क्रमाने सांगतो.

ग्रे कोव्ह हे आमचे नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचे गाव. व्हर्नाची मुलांसाठीची सहा पुस्तके इथल्याच धक्क्यावर घडतात. स्किप मॅरो नावाचा शूर मुलगा धक्क्याखाली बुडी मारून चोरीचा माल शोधतो, आणि टिल्डा नावाची मुलगी वर उभी राहून टॉर्च धरते. ही पुस्तके वाचत वाढलेल्या मुलांना आता नातवंडे झाली, पण स्किप सहाही उन्हाळे अकरा वर्षांचाच आहे. ही बाब मी त्या काळीच निदर्शनास आणली होती. त्यानंतर दोन दिवस घरात फार शांतता होती.

गावात 'स्किप म्हणजे मीच' असे सांगणारे तिघे आहेत. मासे तळून विकणारा गार्नेट कॉर्कम, अग्निशमन दलाचा प्रमुख वेंडेल ओइकल आणि नळकाम करणारा लॉर्न हर्टल. व्हर्नाने तिघांपैकी एकालाही कधी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिचे म्हणणे असे की छोट्या गावात आग विझवणारा, मासे तळणारा आणि नळ दुरुस्त करणारा या तिघांना लेखिकेने कायम आशेवर ठेवावे.

नव्या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात अठ्ठावन्न वर्षांचा स्किप मे महिन्यात धक्क्यावरून सूर मारत होता.

"मेमध्ये पाणी किती गार असतं, ठाऊक आहे ना?" मी विचारले.

"एव्हरेट, तो स्किप आहे."

"तो अठ्ठावन्न वर्षांचा सस्तन प्राणी आहे."

व्हर्नाने चष्मा काढला. "मग तूच सांग, तो आता कसा असेल?"

निरीक्षणाशिवाय मी काही सांगत नाही. वयोगट योग्य असलेले तीन नमुने गावात उपलब्ध होते, आणि तिघेही स्वतःला स्किप समजत होते. संशोधकाला याहून सोयीची परिस्थिती मिळत नाही.

पहिला नमुना कढईमागे उभा होता. "या मासेडॉक्टर!" गार्नेट म्हणाला. "वहीपेन घेऊन आलायस म्हणजे खबर खरी आहे. व्हर्ना लिहितेय."

"लिहितेय. तुझ्या दातांची काय स्थिती आहे?"

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि काउंटरवरून पुढे झुकला. "वरची ओळ विकतची. पण बाहेर बोलू नकोस. मागच्या साली शिंक आली तेव्हा सगळा संच कढईत गेला होता."

"मग?"

"मग काय? कुरकुरीत झाला."

दुसरा नमुना अग्निशमन केंद्रात गाडी पुसत होता.

"वेंडेल, ऐकू कसं येतं तुला?"

"आठ ते पाच. शनिवारी अर्धा दिवस."

मी आवाज चढवून पुन्हा विचारले. त्याने खिशातून कानात घालायचे यंत्र काढून दाखवले. "मार्जोरी बोलायला लागली की हे खिशात ठेवतो. तिला वाटतं, मी अगदी मन लावून ऐकतो. सुखाचा संसार चाललाय, डॉक्टर, बिघडवू नकोस."

तिसरा नमुना आपण होऊन घरी आला. लॉर्न आमचा नळ बघायला आला होता आणि सिंकखाली शिरला होता, त्यामुळे मुलाखत त्याच्या बुटांशी झाली.

"तू अजून रोज पहाटे समुद्रात पोहतोस म्हणे," मी म्हणालो.

बुटांची हालचाल थांबली. मग सिंकखालून आवाज आला, "तू शास्त्रज्ञ आहेस. तुझ्या पोटात राहील ना?"

"माझ्याकडे माहिती नावाविना जाते."

"मी ट्रक धक्क्यावर लावतो. रेडिओ ऐकतो. मग बाटलीतलं पाणी डोक्यावर ओततो आणि घरी जातो. बर्निस टॉवेल घेऊन दारात उभी असते."

"हे कशासाठी?"

"लग्नाआधी सांगून बसलो ना तिला, की स्किप म्हणजे मीच. आता या वयात कोणत्या तोंडाने सांगू की पाणी गार लागतं?" मग बूट बाहेर सरकले आणि पाठोपाठ लॉर्न. "एक भाग मागवावा लागेल. तोवर बादली ठेवा."

ही सारी माहिती मी व्हर्नाला दिली. एकाचेही नाव घेतले नाही. नमुना एक, नमुना दोन, नमुना तीन, एवढेच. माझ्या पद्धतीत दोष नव्हता, हे मी आजही म्हणतो. व्हर्नाने मात्र तिन्ही नमुने ढवळून त्यांचा एकच माणूस केला. दात त्याचेच, कान त्याचेच, ट्रकमध्ये बसून डोक्यावर बाटली ओतणाराही तोच. मी हरकत घेतली, तर म्हणाली, "यालाच कादंबरी म्हणतात."

ग्रंथालयाचे वार्षिक जेवण अग्निशमन केंद्रातच असते. व्हर्नाने तिथे पहिले प्रकरण वाचायचे ठरवले. निघताना ती कोटाची बटणे चुकीच्या काजांत घालत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला असे घाबरलेले पाहिले नव्हते.

"या लोकांनी त्याला ओळखलं नाही, तर दुसरं कोण ओळखणार?" ती म्हणाली. "नाही पटलं, तर हे पुस्तक इथंच थांबलं, एव्हरेट. पुन्हा पंचवीस वर्षं वाट बघायला मला वेळ नाही."

माशांचे दाट सूप वाढून झाले आणि वाचन सुरू झाले. दातांच्या प्रसंगाला सगळे हसले. गार्नेटने पाव तोंडात कोंबला. कानाच्या प्रसंगाला सगळे हसले. वेंडेल तर सर्वांत मोठ्याने हसला, कारण त्याला एक शब्द ऐकू आला नव्हता. मग मार्जोरीने त्याच्या खिशात हात घालून यंत्र काढले, ते त्याच्या कानात बसवले आणि तो प्रसंग त्याला शब्दशः पुन्हा सांगितला. बाटलीच्या प्रसंगाला लॉर्न आपल्या सुपाकडे असा पाहत होता, की जणू एखादा नळ त्यातच गळत असावा.

प्रकरण संपले. टाळ्या वाजल्या नाहीत.

"हा स्किप नाही," मागून कोणी तरी म्हणाले. "नातवाला काय वाचून दाखवू मी? कवळी?"

"हा वेंडेल आहे," गार्नेट म्हणाला.

"मी?" वेंडेल उभा राहिला. "जन्मभर दुकानात कोण सांगत आलाय की मीच स्किप? तू."

"गंमत म्हणून सांगत होतो. गिऱ्हाइकांना बरं वाटतं. लॉर्नला विचार, तो बायकोलासुद्धा सांगतो."

"मी कधीच स्किप नव्हतो," लॉर्न सुपाला म्हणाला.

ज्या पदासाठी तिघे चाळीस वर्षे भांडले, ते एका संध्याकाळी रिकामे झाले. आता, ग्रे कोव्हमध्ये मतभेद झाला की कोणी हात उगारत नाही. ठराव मांडतात. गाव इतके छोटे आहे की ग्रंथालय समितीचा अध्यक्षही वेंडेलच. त्याने सुपाच्या डावाने टेबल वाजवले आणि स्वतःच मांडला. "ठराव असा की स्किप मॅरो याने अकराच वर्षांचे राहावे."

"अनुमोदन," गार्नेट म्हणाला. कवळी बसली नसल्याने ते 'अनुमोफन' असे ऐकू आले.

"चर्चा?"

व्हर्ना पाने हातात घट्ट धरून उभी होती. मदत करणे माझे कर्तव्य होते. मी उठलो.

"जीवशास्त्राच्या दृष्टीने हा ठराव अमलात आणता येणार नाही," मी म्हणालो. "शिवाय या प्रकरणात कोणा एकाची टिंगल आहे, हा गैरसमज आहे. दात, कान आणि बाटली हे तीन निरनिराळ्या नमुन्यांवरून घेतलेले आहेत."

व्हर्नाने डोळे मिटले.

"तीन?" लॉर्नची बायको बर्निस म्हणाली.

"कान आमच्या घरचे," मार्जोरी म्हणाली.

"दात गार्नेटचे," कोणी तरी म्हणाले. "अनुमोफन."

उरलेली वजाबाकी पहिलीतल्या मुलालाही येण्यासारखी होती. बर्निसने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. मतदान चालू असताना सगळ्यांचे हात वर गेले तेव्हाही तिचा हात मांडीवरच होता. ठराव मंजूर झाला. व्हर्नाने पाने पिशवीत घातली आणि आम्ही गोड न खाता घरी आलो.

घरी मी म्हणालो की ठरावाला कायदेशीर आधार नाही. ती म्हणाली, "एव्हरेट, आज तरी गप्प बस." पाने तिने शेगडीशेजारी, लाकडांच्या पेटीत टाकली. जाळली नाहीत. पण ती पेटी रोज सकाळी मीच शेगडीत रिकामी करतो, हे तिला ठाऊक होते. मी पेटीला हात लावला नाही. तीन दिवस आम्ही घरात कोट घालून वावरलो. नळ गळत होता. लॉर्न फिरकला नव्हता. गार्नेटच्या दुकानात मला सांगण्यात आले की मासे संपले, आणि सांगताना मागे मासे तळले जात होते.

चौथ्या दिवशी बर्निस आली. बसली नाही.

"पुढे काय होतं?" तिने व्हर्नाला विचारले.

"कशाच्या?"

"टिल्डाला कळतं ना, की तो ट्रकमध्ये बसून असतो? मग ती काय म्हणते त्याला?"

"लिहिलं नाही गं. आता लिहिणारही नाही."

"तसं चालायचं नाही," बर्निस म्हणाली. "शनिवारपासून लॉर्न अंगणातच ट्रकमध्ये बसतोय. जेवण मी काचेतून देते. मला रागावता येईना आणि हसताही येईना. टिल्डा काय म्हणते, ते लवकर लिही. मला उद्यापर्यंत काही तरी बोलायलाच हवं."

ती गेली. व्हर्नाने पेटीतली पाने उचलून त्यांवरचा भुसा झटकला. मी लगेच शेगडी पेटवली. शास्त्रज्ञाला संधी ओळखता आली पाहिजे.

दुपारी मागच्या दाराशी गार्नेट होता. काखेत तळलेल्या माशांचे पुडके. "माझ्यासाठी नाही विचारत," तो म्हणाला. "एक गिऱ्हाईक विचारत होतं. तो मरतो का?"

"कोण?" व्हर्नाने लिहिता लिहिता विचारले.

"तो. कवळीवाला."

"तू तर ठरावाला अनुमोदन दिलंस."

"ते वेगळं. अकरा वर्षांचा होता तेव्हा मरायचा प्रश्नच नव्हता." त्याने पुडके टेबलावर ठेवले. "आता आहे. वेंडेललाही झोप नाही. त्यालाही एक गिऱ्हाईक विचारत होतं, आणि त्याचं तर दुकानसुद्धा नाही."

व्हर्नाने माझ्याकडे पाहिले. "वयाचं खातं तुझ्याकडे आहे. असा माणूस किती जगतो?"

मला आकडा माहीत होता. वजन, हृदय, तळलेले खाणे, सारे जमेस धरून मी तो पहिल्याच आठवड्यात काढला होता, आणि तो फारसा चांगला नव्हता. आयुष्यात मी एकाही हॅडॉकला एक वलय जास्त दिले नाही. गार्नेट टोपी हातात घेऊन उभा होता.

"ब्याण्णव," मी म्हणालो.

"शास्त्रीय आकडा आहे ना?"

"पूर्णपणे."

"दात आत ठेवून?"

"दात आत ठेवून."

तो शीळ घालत गेला. आमच्या अंगणाच्या टोकाला वेंडेल उभा होता. गार्नेटने त्याच्या कानात ओरडून सांगितलेला 'ब्याण्णव' हा आकडा अर्ध्या गावाने ऐकला.

टिल्डा काय म्हणते, ते व्हर्नाने त्याच दिवशी लिहून बर्निसला पोचवले. टिल्डा ट्रकचे दार उघडते आणि म्हणते, "सरक. रेडिओ मोठा कर." इतकेच. दुसऱ्या दिवशी पहाटे लॉर्नचा ट्रक धक्क्यावर होता आणि मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, दोन्ही कोरडी. दुपारी नळ दुरुस्त झाला.

पुस्तक शरद ऋतूत पुरे झाले. व्हर्नाने सबंध हस्तलिखित माझ्यापुढे ठेवले. "सगळी वयं एकदा तपास," ती म्हणाली.

मी तपासू लागलो. चौथ्या प्रकरणात टिल्डाचा नवरा भेटला. निवृत्त शास्त्रज्ञ. शिंपल्यांची वये काढणारा. कोणी विचारले नसता सर्वांना खरी माहिती पुरवत हिंडतो, आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी, भरती-ओहोटीबद्दल एका कोळ्याची चूक दुरुस्त करत असताना, धक्क्यावरून मागे पडतो. अंत्यविधीला गर्दी बरी असते. जेवण उत्तम असते.

"हा कोणावरून घेतलास?" मी विचारले.

"तीन निरनिराळ्या नमुन्यांवरून," व्हर्ना म्हणाली.

"याला मारणं आवश्यकच आहे का?"

"पुढच्या प्रकरणात टिल्डाला स्किपच्या ट्रकमध्ये बसायचंय ना. ती मोकळी नको?"

कथानकाचे खाते माझ्याकडे नव्हते. मी माझ्या कामापुरते पाहिले. मृत्यूसमयीचे वय मी दोनदा पडताळले आणि त्यात चूक सापडली नाही. येत्या नोव्हेंबरात मला तेवढीच वर्षे पूर्ण होतात.