१८०२ सालचं पंक्चर

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या हातातलं लाल पेन निवृत्तीच्या दिवशी जमा करून घेतात, डोळ्यांतलं कोणी काढून घेत नाही. शुद्धलेखनकाकांचं हेच झालं. किराण्याची यादी, काकूंच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि जिन्यातल्या सूचना दुरुस्त करून झाल्यावर घरात चुका उरल्या नाहीत, म्हणून ते रस्त्यावर उतरले. मुलीने दिलेल्या मोबाइलवर ते दुकानांच्या जुन्या, रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढू लागले. तीन आठवड्यांत दोनशे सोळा चुका जमल्या आणि काकांचा रक्तदाब खाली आला.

दोनशे सतरावी चूक सायकलवाल्या ताईंच्या दुकानावर होती. पत्र्यावर निळ्या अक्षरांत ‘सायकल दूरुस्ती’ असं लिहिलेलं होतं. पहिलंच अक्षर ‘दू’ दीर्घ. काकांनी समाधानाने फोटो काढला आणि घरी येऊन तो मोठा करून पाहिला, तेव्हा अक्षरांखाली विटक्या लाल रंगात आकडे दिसले : १८०२.

काका खुर्चीतून उठले. “अगं, ही चूक नव्हेच! हे जुनं लेखन आहे. दुकान दोनशे वर्षांपूर्वीचं आहे!”

“तेव्हा सायकली होत्या?” काकूंनी कणीक मळता मळता विचारलं.

“साल रंगवलेलं आहे,” काका म्हणाले. “एवढं वर चढून, रंग कालवून कोणी खोटं कशाला लिहील?”

काकांनी फोटोसह पत्र वर्तमानपत्राला पाठवलं आणि ते पहिल्यांदाच एकही मुद्रणदोष न होता छापून आलं. इथून पुढच्या साऱ्या अनर्थाची सुरुवात अशी निर्दोष झाली.

पत्र ‘जुन्या पाट्या जतन कक्षा’ने वाचलं. या कक्षात एक अधिकारी, एक पंखा आणि एक कपाट होतं. स्थापनेपासून कक्षाला जतन करण्यासारखी पाटीच सापडली नव्हती, त्यामुळे अधिकाऱ्यांनी इतकी वर्षं कपाटच जतन केलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन आले आणि आठवड्यात अहवाल निघाला. त्यात म्हटलं होतं, ‘सायकलीचा शोध १८०२ नंतर लागला असला, तरी दुरुस्तीची सोय त्याआधीच करून ठेवणे यातून येथील पूर्वजांची दूरदृष्टी दिसते. पाटीवरील दीर्घ “दू” हा याच दूरदृष्टीचा निदर्शक असावा.’

अहवालाबरोबर ‘जैसे थे’ आदेश आला. दुकान ज्या स्थितीत होतं त्याच स्थितीत ठेवायचं. त्या क्षणी दुकानात पोस्टमनची सायकल उलटी उभी होती आणि तिचं मागचं चाक भिंतीला टेकवलेलं होतं. तिच्याभोवती दोरी बांधून फलक लावला : ‘प्रलंबित दुरुस्ती. हात लावू नये.’ तेलाच्या वाफेने पाटीला धोका पोहोचेल म्हणून वीस फुटांच्या आत तेलाला बंदी झाली. पोस्टमन चालत पत्रं वाटू लागला.

ताईंना एक टेबल आणि अभिप्रायवही मिळाली. काका फोटो काढायला गेले, तेव्हा त्या वहीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या.

“केवढं नाव झालं दुकानाचं!” काका म्हणाले.

“झालं ना! दिवसाला शंभर माणसं येतात. एकाच्याही चाकातली हवा कमी नसते. सासऱ्यांनी चालवलेलं दुकान, काका. तीस वर्षं मी इथे पंक्चर काढलं. आता मागच्या गल्लीत मोरीपाशी बसून चोरून काढते. एखादा फोटोवाला तिकडे वळला, की टायर पदराखाली.”

काकांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी एक म्हातारा पेंटर काकांचा पत्ता शोधत आला. हात थरथरत होते, पण कपाळावर एक आठी नव्हती. वर्तमानपत्राचं कात्रण पुढे धरून तो इतका हसला, की काकूंना पाणी आणावं लागलं.

“काका, हे मी रंगवलंय. त्रेचाळीस वर्षं झाली. अहो, हा फोन नंबर आहे! तेव्हा चारच आकडे असायचे. आधी ‘फोन’ लिहिलं होतं, पांढऱ्यात. पांढरा संपत आला म्हणून पातळ केला, तो उडाला. लाल टिकला.”

“आणि तो दीर्घ ‘दू’?” काकांचा आवाज खोल गेला होता.

“खाली जागा रिकामी दिसत होती. शेपूट जरा वळवली.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाळीस वर्षं जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाने छापील, शुद्ध, जाहीर चूक केली होती. काकांनी चपला घातल्या, पेंटरला बरोबर घेतलं आणि कक्ष गाठला.

“पाटी यांनीच रंगवली आहे,” काकांनी सांगितलं.

अधिकाऱ्यांनी पेंटरला न्याहाळलं. “१८०२ साली?”

“नाही हो, त्रेचाळीस वर्षांपूर्वी.”

“मग १८०२ च्या पाटीबद्दल यांना काय माहीत असणार?”

काकांनी सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. अधिकारी समंजस होते. पेंटरने त्याच अक्षरात पुन्हा लिहून दाखवावं, हस्ताक्षर जुळलं तर विचार करू, असं ते म्हणाले. पेंटरने फळी मागवली, श्वास रोखून धरला आणि थरथरत्या हाताने अचूक, गोल, देखणं ‘फोन १८०२’ लिहिलं. अधिकाऱ्यांनी भिंगातून फळी पाहिली, मग पाटीचा फोटो पाहिला.

“जुळतंय! हात एकच आहे.”

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“म्हणजे ही फळीसुद्धा १८०२ ची,” अधिकारी म्हणाले. “टेलिफोनचासुद्धा आधीच विचार झाला होता तर!”

“अहो, रंग ओला आहे!” काका ओरडले.

“हो ना. काय जपलीये!” अधिकाऱ्यांनी फळी अलगद कपाटात ठेवून कुलूप लावलं. पेंटरला ब्रशही परत मिळाला नाही.

काकांनी रीतसर हरकत नोंदवली. सुनावणीचा दिवस ठरला आणि तशी नोटीस निघाली. पोस्टमन पायी होता. नोटीस सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी पोहोचली आणि हरकतदार गैरहजर राहिल्यामुळे प्रकरण निकाली निघालं.

“आता बसा गप्प,” काकू म्हणाल्या.

“शुद्धिपत्र निघालंच पाहिजे,” काका म्हणाले. “छापखान्याचा नियम आहे. चूक झाली, शुद्धिपत्र काढा.”

त्यांनी एकवीस अर्ज केले आणि बाविसाव्याला यश आलं. कक्षाने शुद्धिपत्र काढलं, काकांचा मान राखून पहिली प्रत त्यांच्या घरी पाठवली. काकांनी चष्मा पुसला, काकूंना बोलावलं आणि मोठ्याने वाचलं : ‘दुकानाच्या स्थापनेच्या संदर्भात “१८०२” याऐवजी “सुमारे १८०२” असे वाचावे.’

काकूंनी तोंडावर पदर धरला. काका शुद्धिपत्र हातात घेऊन तडक दुकानाकडे निघाले. ज्याला त्याला समोर उभं करून खरं सांगायचं, एवढंच आता उरलं होतं.

दुकानापुढे एक कुटुंब ओळीत उभं होतं. काकांनी तोंड उघडण्याआधीच वडिलांनी त्यांच्या हातात मोबाइल दिला.

“काका, एक फोटो काढा ना. वरचं साल नीट आलं पाहिजे. आमच्यातला कोणी कापला गेला तरी चालेल.”

“साल नाही हो ते, फोन नंबर आहे!” काकांनी सगळी हकीकत सांगितली. पेंटर, पातळ झालेला पांढरा, ओली फळी, सगळं. कुटुंबाने मन लावून ऐकलं. कोणी काकांना खोटं ठरवलं नाही.

“असेल असेल,” वडील म्हणाले. “पण फोटोत कुठे कळतंय? उजेड आहे तोवर काढा.”

मागे रांग लागली होती. काकांनी फोटो काढला. तो फार सुरेख आला.

तुम्हालाही तो आलेलाच आहे. खाली लिहिलं होतं, ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. आणि खरं म्हणजे, पाठवताना तुम्हालासुद्धा क्षणभर वाटलं होतं, की तेव्हा सायकली होत्या का?