डोर्लीकर घरी आले की

डोर्लीकर काळा कोट घालून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन कोणाच्या दारात उभे राहिले, की त्या घरच्या माणसाची नोकरी गेली असं समजायचं. आमच्या मरोद्याच्या कॅम्पात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरं संत्र्यांसाठी पुढे धावत आणि आया त्यांना दंडाला धरून मागे ओढत.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचं बांधकाम करणाऱ्या एका खाजगी कंपनीत डोर्लीकर लेबर ऑफिसात होते. माणसं कामावर घ्यायची आणि काम सरलं की कमी करायची, हे त्यांचं खातं. आमचे हे त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये. आमचं आणि डोर्लीकरांचं क्वार्टर एका भिंतीचं, वर पत्रा. त्यांची बायको उमरेडला सासूच्या आजारपणात अडकलेली, म्हणून डोर्लीकर एकटे. संध्याकाळचा चहा आमच्याकडे. तेव्हा अंगात कोट नसे, बिनबाह्यांची बंडी असे, त्यामुळे आम्हाला धास्ती नव्हती.

सुरुवातीला माणसं घेण्याचेच दिवस होते. भंडाऱ्याचे, गोंदियाचे शेतकरी रोज गाडीनं उतरत आणि डोर्लीकर त्यांना नावानिशी ओळखत. कोणाची म्हैस कधी व्यायली हेही त्यांना माहीत. मग पायाभरणी सरली, देशात मंदी आली, नवी कामं निघेनात. बाकीचे ठेकेदार फाटकावर कागद चिकटवून मोकळे होत. माणूस डबा घेऊन यायचा, कागदात आपलं नाव वाचायचा आणि डबा घेऊन परत जायचा.

डोर्लीकरांना ते पटेना. "कागदानं काढलं तर कंपनीचं नाव जाते वहिनी," ते म्हणत. "तोंडानं काढलं तर राहते. अन् तेही ऑफिसात नाई. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या घरचं पाणी पिऊन. कंपनीले काढायचा अधिकार आहे, पण अधिकार कसा वापरायचा याची काही रीत आहे का नाई?"

ही रीत त्यांनीच काढली होती. मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं, "डोर्लीकर, आदमी निकालना मैनेजमेंट का हक है, इसमें घर जाने की क्या जरूरत?" त्यावर डोर्लीकर म्हणाले, "साहब, हक है इसीलिए." साहेबांना ते कळलं नाही, पण घरी जायला खर्च काहीच नव्हता, म्हणून चालू दिलं.

या रितीचा फायदा घेणारेही निघाले. राऊत नावाचा फिटर होता. घरी येऊन सांगितल्याशिवाय नोकरी जात नाही, हे त्याला पक्कं कळलेलं. डोर्लीकरांचा कोट गल्लीच्या तोंडाशी दिसला की तो मागच्या दारानं पसार. डोर्लीकर ओट्यावर दिवेलागणीपर्यंत बसत, त्याच्या बकरीला संत्र्याची सालं चारत आणि परत येत. राऊत सकाळी कामावर हजर. दोघं फाटकात समोरासमोर येत, रामराम करत आणि आपापल्या वाटेनं जात.

"अहो, तिथंच सांगून टाका ना त्याला," मी म्हटलं.

"फाटकात? रस्त्यावर? असं कसं करता वहिनी, लग्न झालेला माणूस आहे तो."

शेवटी राऊतच कंटाळला. एक दिवस अंगणात खाट टाकून वाट पाहत बसला आणि म्हणाला, "या बाप्पा, सांगून टाका एकदाचं. बकरी बिघडून राहिली माझी."

एका घरी म्हातारीनं त्यांना ताटभर कारल्याची भाजी वाढली, मुद्दाम, गूळ न घालता. डोर्लीकरांनी ती संपवली आणि आणखी मागितली. घरी येऊन माझ्याकडून तीन फुलपात्री पाणी प्यायले. "तिचा हक्क होता," एवढंच म्हणाले.

कोणाकडे जायचं असलं की आदल्या दिवशी ते माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून काय बोलायचं त्याची तालीम करत. मी तांदूळ निवडत ऐकायची.

"ऐका वहिनी. 'दादा, तुमच्या कामात खोट नाई. काम सरलं, तुमी नाई सरले. कंपनीले तुमचा अभिमान आहे, तुमीही कंपनीचा राहू द्या.' कसं वाटते?"

"ते अभिमानाचं काढा. त्यानं चूल पेटत नाही."

"तेवढंच तर कंपनीचं आहे," ते कसनुसे हसत म्हणाले. "बाकी सारं माझंच आहे."

एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबात नव्हती. ज्या घरी कोट घालून गेले, त्या घरी पुन्हा बंडीवर जाता येईना. कोणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. उलट सगळे म्हणत, कंपनी भली, माणूस घरी पाठवला. पण डोर्लीकर दिसले की बोलणं थांबे. पूर्वी संक्रांतीला तिळगुळाची पिशवी घेऊन ते सारा कॅम्प पालथा घालत. त्या वर्षी निघाले आणि घटकाभरात परत आले. पिशवी तशीच भरलेली. ती त्यांनी माझ्या फळीवर ठेवली. "तुमीच वाटून द्या पोराईले," म्हणाले.

पुढे कंपनीनं दोन स्टोअर एक करायचं ठरवलं. दोन स्टोअरकीपर, एक आमचे हे आणि दुसरे यांच्याहून जुने. अर्थ काय ते मला लगेच कळलं. यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याच आठवड्यात डोर्लीकर चहाला येईनासे झाले. भिंतीपलीकडे त्यांचा स्टोव्ह पंप केल्याचा आवाज येई.

"तब्येत बरी नसेल," हे म्हणाले.

"तब्येतीला काही झालेलं नाही," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध निम्मं केलं. शेजारणींच्या चोळ्या शिवायला घेतल्या.

रविवारी सकाळी डोर्लीकर आले. काळा कोट, संत्री. यांनी हसून खुर्ची पुढे केली. "अरे, आमच्याकडे कोट कावून घातला बाप्पा?"

डोर्लीकर बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले. उमरेडची संत्री यंदा बारीक आहेत म्हणाले. रस्त्यावर धूळ फार उडते म्हणाले. पत्रा गळतो का ते विचारलं. पुन्हा पाणी मागितलं. तोपर्यंत यांचं हसू मावळलं होतं. इतक्या घरी जाऊन न अडखळता बोललेला माणूस आमच्या घरी तोंड उघडायचा आणि मिटायचा. मला ते बघवेना. शिवाय चुलीवर भात होता.

मी दारात उभी राहून यांना म्हटलं, "तुमच्या कामात खोट नाही. काम सरलं, तुम्ही नाही सरले." आणि तिथंच थांबले.

डोर्लीकर मान खाली घालून हळूच म्हणाले, "पुढचं राहिलं वहिनी."

"राहू द्या ते," मी म्हटलं.

हे उठले, अंगणात गेले आणि सायकल उलटी करून चेन साफ करायला लागले. चेन परवाच साफ केलेली होती. डोर्लीकरांनी संत्र्यांची पिशवी फळीवर ठेवली. मग मला नमस्कार करून गेले.

यांना महिन्यानं भिलाई-३ला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे काम मिळालं. पगार कमी, सायकल जास्त. डोर्लीकरांशी यांनी अबोला धरला असं नाही, पण बोललेही नाहीत. मी दोनदा चहाला हाक मारली. दोन्ही वेळा डोर्लीकर भिंतीपलीकडूनच पोट बिघडलंय म्हणाले.

मग पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीला ओरिसात काम मिळालं आणि डोर्लीकरांची तिकडे बदली झाली. निघायच्या दिवशी ते कुंपणापाशी आले. बंडीवरच होते.

"तिथं कोणाशी ओळख नाई ठेवत आता," ते म्हणाले. "कागद लावायचा बोर्डावर, झालं."

"आणि कंपनीचं नाव?"

"नाव तर राहिलं इथं. सारे चांगलंच म्हणतात कंपनीले." ते तारेवरचा गंज नखानं खरवडत होते. "मलेच नाई बोलवत कोणी."

मी म्हटलं, "आत या. हे कामावर गेलेत, पण मी आहे." ते आले आणि पाटावर बसून चहा प्यायले. यांना नमस्कार सांगा म्हणाले.

संध्याकाळी हे आल्यावर मी सांगितलं, डोर्लीकर आले होते, ते गेले. यांनी हातपाय धुतले, पुसले, टॉवेल दोरीवर टाकला.

"चहा दिला का त्याले?"

"दिला."

"बरं केलं," हे म्हणाले आणि पानावर बसले.