साहेबांचा खांदा मोकळा होतो

शिकण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून तल्लख! लोक एखादी विद्या शिकायला आयुष्य घालवतात, मला एक सोफा पुरतो.

आमच्या सासूबाई आखडलेले सांधे मोकळे करतात. कोमट तेल, दोन अंगठे आणि समस्त डॉक्टरांविषयी मनापासून तुच्छता, एवढंच त्यांचं सामान. त्या राहायला आल्या आणि आमच्या घराचा दवाखाना झाला. शेजारच्या काकू गंजलेल्या फाटकासारख्या करकरत आत यायच्या आणि जाताना गुणगुणत जिना उतरायच्या. मी सोफ्यावर आडवा पडून, बिस्किटं खात हे सगळं बघत होतो. लवकरच माझी खात्री पटली. यात आहे काय? चोळायचं, फिरवायचं, 'कट्ट' वाजलं की थांबायचं!

"तुम्ही नुसतं बघा हं," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला हात लावू नका."

असूया! दुसरं काय?

नेमका तेव्हा ऑफिसात आमच्या साहेबांचा उजवा खांदा कित्येक महिने आखडलेला होता. हात छातीच्या वर जाईना. कंगवा डोक्याकडे नेता येत नाही म्हणून साहेब डोकं कंगव्याकडे न्यायचे. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून सुकत होता. अशी संधी सोडायला मी काय खुळा आहे?

त्या दिवशी मोठ्या साहेबांची बैठक होती. ती सुरू होण्याआधीच मी केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, शर्टाची वरची बटणं काढा."

साहेबांनी आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं. "का?"

"खांदा मोकळा करून देतो. घराण्यातली विद्या आहे."

"तुझ्या घराण्यात?"

"सासरच्या."

तेल नव्हतं. रिसेप्शनवरच्या बाईंकडून हाताला लावायचं क्रीम मागून आणलं. गुलाबाच्या वासाचं! साहेब अत्तराच्या दुकानासारखे दरवळू लागले. मी चोळलं. साहेब "हं" म्हणाले. मी जोर वाढवला. साहेब "अरे" म्हणाले. मग मी कोपर धरलं आणि हापसा मारावा तसा हात हापसला.

कट्ट!

हात वर गेला! सरळ छताकडे!

"गेला रे गेला!" साहेबांचे डोळे भरून आले. "किती महिन्यांनी गेला!"

"आता खाली घ्या, साहेब."

साहेबांनी जोर लावला. चेहरा खाली आला, हनुवटी खाली आली, हात जिथल्या तिथे.

"हा येत नाहीये," साहेब कुजबुजले.

मी ओढून पाहिला. साहेब असे ओरडले की बाहेरच्या शिपायाला वाटलं, बैठकीला बोलावतायत. त्याने सगळ्यांना सभागृहात पिटाळलं.

साहेब पहिल्या रांगेत, हात वर.

"काही विचारायचंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग हात?"

"असाच, सर."

मोठ्या साहेबांना समोर पेंगणारी माणसं बघायची सवय. एवढा तत्पर श्रोता पाहून ते गहिवरले. आणि मग त्यांनी तो विषय काढला. टोकाची शाखा! जिथे बस मनात आलं तर येते, आणि जिथले व्यवस्थापक रजेवर गेले ते परत आलेच नाहीत.

"तिकडे स्वखुशीने जायला कोण तयार आहे?"

सगळी सभा आपापल्या बुटांचं निरीक्षण करू लागली. वर होता तो एकच हात.

"वा!" मोठे साहेब उभेच राहिले. टाळ्यांचा कडकडाट!

"सर, हा हात माझा नाही," साहेब ओरडत होते, "म्हणजे माझाच आहे, पण..."

टाळ्यांत ऐकणार कोण? मीसुद्धा वाजवत होतो. सवयीने हो!

रस्त्यावर आलो तर साहेबांना बघून तीन टॅक्सी थांबल्या. चौथा थांबला तो ट्रक होता. मी साहेबांना थेट आमच्या घरी आणलं.

सासूबाईंनी दार उघडलं. "कुठल्या गाढवाने केलं हे?"

साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. बायकोही स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर येऊन पाहून गेली.

सासूबाईंनी साहेबांना खुर्चीत बसवलं, तेल कोमट केलं, एक तळवा काखेखाली ठेवला, दुसरा कोपराला.

"हात माझ्यावर सोडा."

"सोडलाय."

"कुठे सोडलाय? गच्च धरून बसलाय की!"

साहेबांनी जन्मात कुणावर काही सोडलं नव्हतं. टाचण्यासुद्धा ते स्वतः मोजून द्यायचे! सासूबाई हात हळूहळू झुलवत राहिल्या आणि मुलंबाळं काय करतात ते विचारत राहिल्या. साहेब धाकटीचं कौतुक सांगण्यात रंगले, आणि मध्येच कधीतरी हात अलगद मांडीवर येऊन बसला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

खांदा सुटला, शाखा काही सुटली नाही. बदलीचा हुकूम निघाला.

आणि माझी बढती? झाली की! साहेबांनी स्वतः मोठ्या साहेबांना सांगितलं, "सर, या बदलीमागे यांचाच हात आहे. यांना माझ्याबरोबर द्या."

उपव्यवस्थापक, टोकाची शाखा! शाखेत माणसं दोनच. एक साहेब, दुसरा मी.

पहिल्या दिवशी मी अभिनंदन करायला हात पुढे केला. साहेबांनी विजेच्या वेगाने दोन्ही हात पाठीमागे नेले. खांदा मात्र काय सुरेख फिरला, म्हणून सांगू!