दहा सेकंदांच्या मोहिमेची हकीकत

उजेडाचे चरणीं मस्तक ठेवोन, सावलीस मुजरा करोन, आणि ज्यांचे डोळे ऐन वक्तीं मिटतात त्या समस्त सज्जनांची माफी मागोन ही हकीकत लिहिली असे. राजश्री छबीनवीस, मुक्काम तिसरा मजला, यांणीं एके रविवारीं मातोश्रींचे हुकुमावरून इमारतीमागील अंगणांत जो संग्राम केला, तो शेजाऱ्यांनीं खिडकींतून पाहिला. परंतु शेजारी सांगतील तें तिखटमीठ लावून सांगतील, सबब जैसें घडलें तैसें, तिखटमीठ आमचे हातचें घालोन, येथें नमूद केलें आहे.

छबीनवीसांचा पोटापाण्याचा पेशा म्हणाल तर मोठे दवाखान्यांत एक्स-रे काढण्याचा. दिवसभर रयतेच्या बरगड्या, गुडघे व मणके नजरेखालून घालावे आणि "श्वास रोखा, हलू नका" ऐसें फर्मान सोडावें, हा नित्यक्रम. ऐशा छब्या हजारों काढिल्या, परंतु आपली बरगडी पाहोन कोणी वाहवा केली नाहीं, याचा सल मनीं बहुत होता. मग हौस भागवावयास रविवार राखोन ठेविला, आणि कॅमेरा खरीदला, आणि त्याचें नांव फत्तेनजर ठेविलें, आणि भिंगें, तिपाई, फडकीं, पिशव्या ऐसा सरंजाम इतका वाढविला कीं कपाटांतील कुटुंबाचे कपडे खुर्चीवर आले.

मग स्वाऱ्या सुरू जाहल्या. जुन्या पुलावर पहांटे चाल करोन गेले, तेव्हां धुकें पाहिजे होतें तें आलें नाहीं. सातवे खेपेस आलें तें इतकें आलें कीं पूलच दिसेना. तळ्यावरील खंड्या पक्ष्यास वेढा घातला, चिखलांत चार तास मुक्काम केला, आणि पक्षी फांदीवर येवोन बसला त्याच क्षणीं छबीनवीस शिंकले. सहलीस गेले असतां सारी मंडळी बसमध्यें खोळंबली आणि खासे एका गंजक्या कडीपाशीं रमले, तेव्हां ड्रायव्हरानें हॉर्नाची ऐसी सरबत्ती केली कीं आसपासचीं कबुतरें उडालीं, आणि छबीनवीसांनीं कडी सोडोन कबुतरांचा फोटो घेतला. फत्तेनजरेस परका हात लागूं नये हा त्यांचा कडक कायदा. थोरल्या ताईसाहेब, ज्या शाळेच्या मुख्याध्यापिका असोन ज्यांस आठशें मुलें घाबरतात, त्यांणीं एकवार कॅमेरा नुसता उचलला, तों पट्टा गळ्यांत कैसा घालावा यावर त्यांस पाऊण तास उपदेश जाहला. त्या दिवसापासोन कोणी वाटेस गेलें नाहीं.

ऐसें असतां धाकट्या बाईसाहेब, म्हणजे छबीनवीसांच्या पाठची बहीण, समुद्रापार तीन वर्षांचे नोकरीवर रुजू होण्यास निघाल्या. प्रयाणाचे आदले दिवशीं, शनिवारीं, बॅग भरतां भरतां त्यांणीं घरचा एक फोटो संगें न्यावा म्हणोन मातोश्रींचे पलंगावर अकरा अल्बम मांडिले आणि पानें उलटूं लागल्या.

"आई, यात दादा कुठेय गं?"

"असेल की. नीट बघ."

नीट पाहिलें. वाळूवर एक लांब सावली सांपडली ती दादांची. मोटारीचे आरशांत एक मनुष्य सांपडला, परंतु तोंडाचे जागीं फत्तेनजर. एके ठिकाणीं कोपऱ्यांत कोपर सांपडलें, त्यावर वाद पडला. वीस वर्षें घरचा प्रत्येक फोटो ज्यानें काढिला तो एकाही फोटोंत नाहीं, ऐसा निवाडा जाहला. मग मातोश्रींनीं चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला, आणि अकराही अल्बम आपणच पाहिले. छबीनवीस दारांत उभे राहोन, काढणारा फोटोंत नसतोच, ही जगाची रीत आहे, ऐसें कांहीं समजावूं लागले, तों मातोश्री वदल्या, "मला तीन लेकरं आहेत. यात दोनच दिसतात."

मग मातोश्रींचा हुकूम सुटला, तो येणेंप्रमाणें: उदईक रविवारीं तिन्ही लेकरें व सून यांणीं आम्हांसंगें एका चौकटींत यावें, फोटो भिंतीवर लावण्याजोगा असावा, दोन प्रती काढाव्या, पैकीं एक धाकटीस रवाना करावी, आणि चिरंजीवांचें तोंड दिसावें. हुकूम संपला ऐसें वाटलें, तों मातोश्री हलकेच म्हणाल्या, "एक्याऐंशीची झाले मी. ही परत येईल तेव्हा कोण असेल, कोण नसेल."

रविवारीं दोनप्रहरीं मसलत बसली. टॅक्सी सहा वाजतां येणार. अंगणांत ऊन साडेपांचपावेतों, पुढें तें भिंतीपलीकडे जातें. त्यांत इमारतीची लिफ्ट बिघडली होती, आणि एक मिस्त्री दुपारपासोन तिचे पोटांत शिरोन ठोकाठोक करीत होता. सबब मातोश्री तीन मजले पायांनीं उतरल्या, हरएक टप्प्यावर विसांवा घेतला, आणि अंगणांत पायऱ्यांपाशीं खुर्ची मांडिली तीवर बसोन जाहीर केलें कीं, आज गुडघ्यांनीं इतकेंच कबूल केलें आहे, वर जाणें एकवार, पुन्हा उतरणें नाहीं. येणेंकरोन मोहीम आजच, आणि येथेंच, ऐसें ठरलें.

प्रथम धाकट्या बाईसाहेबांनीं मोबाईल काढोन हात लांब केला आणि चकमक उडविली, त्यांत चार कपाळें व मातोश्रींचा अंबाडा इतकें हाती आलें. छबीनवीस गालांत हंसले आणि त्यांणीं तिपाई रोविली, फत्तेनजर चढविली, आणि टायमराची कळ लाविली. कळ दाबिली म्हणजे दहा सेकंदांनीं फोटो आपोआप निघतो, तितक्यांत धांवोन आपले जागीं बसावें, ऐसा डाव. छबीनवीसांचें कुटुंब, म्हणजे मातोश्रींची सून, गणित शिकवितें. त्यांणीं पावलें मोजिलीं आणि अकरा भरलीं म्हणोन सांगितलें.

"दहा सेकंदात अकरा पावलं आणि वर बसायचं. रमतगमत जमणार नाही, पळावं लागेल."

"मला शिकवू नकोस," ऐसें म्हणोन छबीनवीसांनीं कळ दाबिली, "श्वास रोखा!" म्हणोन आरोळी दिली, आणि दौडले. चौथे पावलीं डावी चप्पल सुटली. शूर मनुष्य पुढें जाता. परंतु चप्पल चौकटींत येईल हा विचार आडवा आला, आणि ते ती उचलावयास वांकले, आणि तोंच फोटो निघाला. त्यांत चौघींजणी गाल फुगवोन बसल्या आहेत, आणि पुढें छबीनवीसांची पाठ, इतकें दिसतें.

दुसरे हल्ल्यास अनवाणी गेले. सातवे सेकंदास पायरी गांठिली, बसले, श्वासही रोखिला. सून हळूच "शाब्बास" म्हणाली. परंतु आठवे सेकंदास त्यांचे नजरेस आलें कीं तिपाईचा एक पाय किंचित खचला आहे. आतां दुसरा कोणी असता तर खचूं देता; छबीनवीसांस तें पाहवेना. उठले, धांवले, आणि भिंगापुढें पोहोंचले तों फोटो निघाला. त्यांत शर्टाचीं दोन बटनें अत्यंत सुस्पष्ट आलीं आहेत, आणि बगलेखालून मातोश्रींचा एक डोळा.

"अरे, बस ना एका जागी!" ताईसाहेब कडाडल्या.

तिसरे वेळीं छबीनवीस बसले ते बसलेच. सर्वांनीं श्वास रोखिले. दहा जाहले, वीस जाहले, धाकट्या बाईसाहेब लालबुंद जाहल्या, परंतु हलेल तो फोटो बिघडवील या धाकें कोणी पापणी लवविली नाहीं. शेवटीं मातोश्री ओंठ न हलवितां म्हणाल्या, "झालं का रे?" मग छबीनवीस जाऊन पाहतात तों फत्तेनजर निपचित. बॅटरी संपली. दुसरी बॅटरी तिसरे मजल्यावर चार्जराला लाविलेली, आणि लिफ्ट बंद.

मग तीन मजले चढले आणि तीन मजले उतरले. बॅटरी आणिली खरी, परंतु श्वास वरच राहिला. अंगणांत पाहतात तों ऊन सरकत सरकत पायऱ्यांचे एका पट्ट्यापुरतें उरलें, आणि कुटुंबानें घड्याळ पाहोन पांच वाजोन सव्वीस मिनिटें जाहल्याची वर्दी दिली. छबीनवीसांनीं कळेवर बोट ठेविलें आणि एक पाऊल पळोन पाहिलें, तों पोटऱ्यांनीं साफ जबाब दिला. तिपाईस धरोन उभे राहिले. इतका सरंजाम, इतकीं वर्षें, आणि अकरा पावलें पार होत नाहींत, या विचारानें त्यांस रडूं येवों पाहिलें.

मिस्त्री लिफ्टचें काम नुकतेंच आटपोन हत्यारांचे पेटीवर बसला होता, आणि चहा पीत पीत हा तमाशा पाहत होता. तो उठला आणि पुढें आला.

"द्या इकडं साहेब. बटणच दाबायचंय ना?"

सर्वांस कायदा ठाऊक होता. त्यांत मिस्त्रीचे दोन्ही हात मनगटापावेतों ग्रीसनें काळे. छबीनवीसांनीं नकारार्थ तोंड उघडिलें, आणि मातोश्रींकडे पाहिलें. मातोश्रींनीं कोणास न सांगतां खुर्ची टिचभर सरकविली होती, उरलेल्या उन्हांत तोंड राहावें म्हणोन. ताठ बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर, आणि शेजारची पायरी मोकळी ठेविली होती.

मग छबीनवीसांनीं फत्तेनजर तिपाईवरोन उतरविली, आणि पट्टा आपले हातें मिस्त्रीचे गळ्यांत घातला. किल्लेदारानें किल्ल्या द्याव्या तैसा तो प्रसंग होता. उपदेश पाऊण तासाचा होता तो वेळेअभावीं दोन वाक्यांत उरकला, आणि लंगडत जावोन मातोश्रींशेजारीं डाव्या टोंकास बसले. परंतु बसले तरी जीव कॅमेऱ्यांत.

"ते चाक नको! वरचं बटण! आधी अर्धं दाबा, मग पूर्ण!"

"अर्धं म्हणजे कुठलं अर्धं? डावं का उजवं?"

"अहो, अर्धं म्हणजे हलकं! सरळ धरा! सरळ!"

"मी सरळच धरलाय. तुम्ही वाकडे बसलाय."

यावर प्रथम सून फुटली, मग धाकट्या बाईसाहेब, मग मुख्याध्यापिका, आणि मातोश्री हंसतां हंसतां डोळ्यांस पदर लावूं लागल्या, आणि छबीनवीस अर्धे उठोन, हात उगारोन, "थांबा!" म्हणोन ओरडले, आणि मिस्त्रीनें कळ दाबिली. त्यावेळीं पांच वाजोन एकोणतीस मिनिटें जाहलीं होतीं. मग ऊन गेलें.

छबीनवीसांनीं झडप घालोन कॅमेरा घेतला आणि फोटो पाहिला, आणि दुःखानें दोष मोजूं लागले. इमारत उजवीकडे कललेली. ताईसाहेबांचे पाय कापलेले. मागें वाळत घातलेली चादर. डाव्या कडेस मिस्त्रीचें काळें बोट आडवें आलेलें. आणि बोटास लागोन खुद्द आपण, तोंड आ वासोन, केस उभे. त्यांणीं अर्ज केला कीं हा फोटो रद्द समजावा, विजेचे दिवे लावोन आणखी एक घेऊं. मातोश्रींनीं हात पुढें केला. कॅमेरा द्यावा लागला.

मातोश्रींनीं फार वेळ पाहिलें. मग पडद्यावर बोट ठेवोन एक, दोन, तीन ऐसें मोजिलें.

"हाच."

"आई, माझं तोंड उघडं आहे त्यात."

"ते उघडंच असतं. दिसतोयस ना? झालं तर मग."

छबीनवीसांपाशीं कललेल्या इमारतीविषयीं आणखी बहुत मुद्दे तयार होते, परंतु ते मांडावयास वेळ उरला नाहीं. इतक्यांत टॅक्सी आली. मिस्त्रीनें मातोश्रींस दुरुस्त लिफ्टनें पहिल्या मानानें वर नेलें, धाकट्या बाईसाहेब भावाचे गळ्यांत पडोन रडल्या, आणि फोटो मोबाईलवर घेवोन रवाना जाहल्या.

पुढें छापण्याचे आदले दिवशीं छबीनवीस संगणकापुढें बसले, आणि मातोश्रींस न कळवितां फोटो सुधारावयाची तजवीज केली. इमारत सरळ करोन पाहिली, तों मातोश्री कलल्या. मग निदान तें ग्रीसचें बोट तरी छाटावें म्हणोन डावी कड कापों लागले, तों बोटासंगें आपणही जातों ऐसें दिसलें. बोट आणि छबीनवीस इतके लगत कीं एक ठेविल्यावांचून दुसरा राहत नाहीं. हात थांबला. दोन घटका विचार केला, आणि संगणक मिटला.

येणेंप्रमाणें दोन प्रती छापिल्या, एक समुद्रापार पावती जाहली, एक मातोश्रींचे पलंगासमोर भिंतीवर चढली. घरचीं लेकरें तीन, भिंतीवर तीन, ताळा जुळला. मोहीम फत्ते जाहली. फोटो वांकडा तो वांकडाच कायम केला, आणि बोटही कायम केलें, ऐसें समक्ष पाहोन लिहिलें असे.